आडवाटेचा मेजर

कॅलिफोर्नियात दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात शिकून विद्यापीठाच्या थेट तिसऱ्या वर्षाला दाखल होण्याच्या रिवाजाला ट्रान्सफर म्हणतात. ट्रान्सफरच्या अर्जात विद्यार्थ्याला विद्यापीठाबरोबर विषयही लिहावा लागतो. हा विषय म्हणजे मेजर. कॉम्प्युटर सायन्स, इकॉनॉमिक्स, नर्सिंग अशा मेजरांसमोर रांग मोठी असते, तर भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र किंवा अमेरिकन स्टडीजसमोर आखूड. तेव्हा आखूड रांगेत उभे राहून आत शिरायचे आणि आत पोचल्यावर हव्या त्या विषयाकडे वळायचे, हा बेत तिथल्या विद्यार्थ्यांत निदान चार दशके चालत आला आहे. काउन्सेलर तो उघडपणे सुचवत नाहीत, विद्यापीठे त्याला नाक मुरडतात, तरी तो सगळ्यांना ठाऊक असतो. या आडवाटेला विद्यार्थ्यांच्या चलाखीपेक्षा राज्याने दिलेले एक वचन अधिक कारणीभूत आहे. त्या वचनात जागेची हमी होती, विषयाची नव्हती.

मेजर ही कल्पना अमेरिकेतही फार जुनी नाही. मेजर आणि मायनर हे शब्द जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या १८७७-७८ च्या माहितीपुस्तकात दिसतात. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी ठरीव अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याला वाटेल ते विषय निवडण्याची मुभा दिली होती. पुढे त्या मोकळिकीचा अतिरेक झाला. कोणी सगळे सोपेच विषय घेई, कोणी कशातच खोल जात नसे. एलियट यांच्यानंतर १९०९ साली आलेल्या लॉरेन्स लोवेल यांनी लगाम घातला: काही अभ्यास चौफेर, काही एकाच विषयात खोल. चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षे चौफेर शिक्षणाची आणि नंतरची दोन मेजरची, ही विभागणी अशीच रुळत गेली. ट्रान्सफरचा सगळा डोलारा या मधल्या सांध्यावर उभा आहे. पदवी मधोमध अशी कापता आली नसती, तर पहिला अर्धा भाग एका संस्थेत आणि दुसरा दुसरीत शिकवायचे कोणाच्या मनातही आले नसते.

शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी आपल्या विद्यापीठात ही फोड औपचारिक केली. पहिल्या दोन वर्षांच्या भागाला त्यांनी ज्युनिअर कॉलेज म्हटले. त्यांच्याच प्रोत्साहनाने शिकागोजवळच्या जोलिएट गावी १९०१ साली हायस्कूलला जोडून पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणे सुरू झाले. आज टिकून असलेल्या सार्वजनिक ज्युनिअर कॉलेजांत ते सर्वांत जुने मानतात. पण या कल्पनेने मूळ धरले ते कॅलिफोर्नियात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक अलेक्सिस लँग आणि स्टॅनफर्डचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन या दोघांनाही पहिल्या दोन वर्षांचे ओझे विद्यापीठाच्या डोक्यावरून उतरवायचे होते. १९०७ साली राज्य विधिमंडळाने हायस्कुलांना शालान्त शिक्षणापुढचे दोन वर्षांचे वर्ग चालवण्याची परवानगी दिली. हे विधेयक अँथनी कॅमिनेटी या सदस्याने आणले होते. १९१० मध्ये फ्रेस्नोने पहिले वर्ग उघडले. शेतीच्या खोऱ्यातले ते गाव बर्कलीपासून इतके दूर होते की मुलांना तिकडे पाठवणे बहुतेक घरांना झेपत नसे. १९१७ च्या कायद्याने या वर्गांना राज्याचा पैसा मिळू लागला, आणि १९२१ च्या कायद्याने ज्युनिअर कॉलेजांचे स्वतंत्र जिल्हे करता येऊ लागले. जाता जाता एक नोंद: ज्या यूसीएलएत शिरण्यासाठी आज ट्रान्सफर विद्यार्थी जिवाचे रान करतात, ती संस्था १९१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाची दक्षिण शाखा म्हणून सुरू झाली, तेव्हा तिथेही पदवीची पहिली दोनच वर्षे शिकवत.

त्या काळात ट्रान्सफरच्या वाटेवर मेजरची अडचण जवळजवळ नव्हती. पुरेसे गुण असतील तर विद्यापीठ विद्यार्थ्याला आत घेई. इंजिनिअरिंग, वास्तुशास्त्र अशा व्यावसायिक शाखांच्या पूर्वअटी वेगळ्या होत्या, पण साहित्य-विज्ञानाच्या विशाल कॉलेजात, म्हणजे लेटर्स अँड सायन्समध्ये, विषय आत गेल्यावर ठरवला तरी चाले. प्रवेश विद्यापीठात मिळे, विभागात नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४४ च्या जीआय विधेयकाच्या पैशावर, परतलेले सैनिक कॉलेजांत लोटले, तेव्हा ज्युनिअर कॉलेजांनी त्यांतला मोठा भार उचलला.

या मोकळ्या दाराची दुसरी बाजू पहिल्यांदा नीट टिपली ती बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने. सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजाचा त्याने बारकाईने अभ्यास केला आणि १९६० साली त्यावर एक पुस्तक व एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. त्याला दिसले ते असे: नाव नोंदवताना बहुसंख्य विद्यार्थी आपण पुढे विद्यापीठात जाणार असे सांगत, प्रत्यक्षात जाणारे त्या मानाने थोडे असत. मधल्या काळात काय होई? कोणी कोणाला ‘तुला जमणार नाही’ असे तोंडावर सांगत नसे. प्रवेशाआधी एक चाचणी होई आणि तीत कमी पडलेल्याला उजळणीच्या वर्गात बसवत. मग काउन्सेलरशी भेट. मग स्वतःची कुवत आणि व्यवसाय यांचा मेळ घालायला लावणारा एक अभ्यासक्रम, त्यात विद्यार्थी आपले चाचणीचे गुण आपणच कागदावर मांडी. मग ‘सुधारणा हवी’ अशा चिठ्ठ्या, आणि शेवटी प्रोबेशन. इंजिनिअर व्हायला आलेला मुलगा वर्षभराने इंजिनिअरच्या हाताखालच्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम घेई, आणि तो आपणच निवडला असे त्याला वाटे. क्लार्कने या प्रक्रियेला दिलेले ‘गार करणे’ हे नाव समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनकडून उसने घेतले होते, आणि गॉफमनने ते उचलले होते ठकांच्या धंद्यातून. तिथे एखाद्याला लुबाडल्यावर टोळीतला एक जण मागे थांबतो आणि त्याने पोलिसांकडे धाव घेऊ नये म्हणून त्याची समजूत घालून त्याला ‘गार’ करतो. शिक्षणसंस्थेला लावायला ही उपमा जरा जहाल आहे. पण कमी स्पर्धेच्या विषयाकडे विद्यार्थ्याला वळवण्याचा धंदा संस्थेनेच आधी सुरू केला होता, हे क्लार्कच्या अभ्यासातून स्पष्ट दिसते. विद्यार्थ्यांनी ती वाट पुढे आपल्या सोयीसाठी वापरली इतकेच.

त्याच १९६० साली, बर्टन क्लार्कचे लिखाण छापले जात असताना, कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन स्वीकारला. विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर त्याचे मुख्य शिल्पकार होते आणि गव्हर्नर पॅट ब्राऊन यांनी त्याच्या कायद्यावर एप्रिलमध्ये सही केली. योजना तीन मजली होती. हायस्कूलमधून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या १२.५ टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूसी. वरच्या एक-तृतीयांशाला राज्य कॉलेजे, म्हणजे पुढची कॅल स्टेट. आणि शिकू इच्छिणाऱ्या सर्वांना ज्युनिअर कॉलेज. यूसीचे प्रमाण आधी सुमारे १५ टक्के आणि राज्य कॉलेजांचे सुमारे ५० टक्के होते. म्हणजे वरचे दोन्ही दरवाजे अरुंद केले आणि त्याची भरपाई ट्रान्सफरने करायचे ठरले. वरच्या संस्थांनी पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी ४० टक्क्यांवर आणावेत, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे ६० टक्के ठेवावेत, असा दंडक घातला. ही वीस टक्क्यांची तफावत ट्रान्सफर विद्यार्थ्यांनीच भरून निघणार होती. हायस्कूलमध्ये मागे पडलेल्याला दुसरी संधी मिळावी यासाठी इतकी मोठी आणि इतकी आकडेबद्ध व्यवस्था याआधी क्वचितच कुठे उभी राहिली असेल.

पण या योजनेत मेजरविषयी काही नव्हते. कोणत्या कॅम्पसात जागा, कोणत्या विषयात जागा, हे तिने ठरवले नाही. आणि १९६० मध्ये ते ठरवण्याची गरज कोणाला भासलीही नाही. विद्यापीठ नवी कॅम्पसे बांधत होते. सॅन दिएगो, अर्व्हाइन आणि सांताक्रूझ ही त्याच दशकात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उघडली. जागांचा तुटवडा दूरचा वाटत होता. ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे आजच्या कम्युनिटी कॉलेजात, तर फीसुद्धा नव्हती. ती पहिल्यांदा बसली १९८४ साली, युनिटमागे ५ डॉलर. आज ती ४६ डॉलर आहे.

१९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ता कराला वेसण घातली आणि स्थानिक कॉलेजांचा पैशाचा झरा आटला. विद्यापीठे वाढायची थांबली, अर्जदार मात्र वाढत राहिले. १९८६ पासून यूसीने एकाच विद्यार्थ्याला एकाच वेळी अनेक कॅम्पसांत अर्ज करू दिले, तेव्हा बर्कली आणि यूसीएलए यांच्याकडे पात्र अर्जांचा लोंढा आला. त्याच वर्षांत कॉम्प्युटर सायन्सची पहिली मोठी लाट उसळली. प्राध्यापक मिळत नव्हते, टर्मिनले पुरत नव्हती, आणि देशभरच्या विभागांनी एकच उपाय केला: पहिल्या काही अभ्यासक्रमांत अमुक इतकी सरासरी असेल तरच मेजर जाहीर करता येईल. कॅल स्टेटच्या भाषेत असा विषय ‘इम्पॅक्टेड’ झाला, म्हणजे पात्र उमेदवार जागांपेक्षा जास्त. सॅन लुइस ओबिस्पोचे कॅल पॉली किंवा सॅन दिएगो स्टेट यांच्यासारख्या ठिकाणी पुढे सगळेच विषय इम्पॅक्टेड झाले. नर्सिंग तर जवळपास सगळीकडे.

आडवाट जन्मली ती इथे. एकीकडे लेटर्स अँड सायन्सचा जुना नियम, की आत या आणि मग विषय ठरवा. दुसरीकडे काही विभागांच्या दारांवर नवी कुलपे. बर्कलीत ही विसंगती सर्वांत ठळक होती, कारण तिथे संगणकाचे शिक्षण दोन घरांत वाटलेले होते. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ईईसीएसला, म्हणजे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग व कॉम्प्युटर सायन्सला, थेट आणि अवघड प्रवेश. पण लेटर्स अँड सायन्समध्ये दुसरा कॉम्प्युटर सायन्स मेजर, आणि त्याकडे आत येऊन वळता येई. सीएस ६१ए, ६१बी आणि ७० या तीन अभ्यासक्रमांत ३.३ ची सरासरी, ही पुढे त्याची प्रसिद्ध अट झाली. इतिहास किंवा भाषाशास्त्र लिहून आलेल्याने ही तीन गणिते सोडवली की तो संगणकाच्या घरात. इकॉनॉमिक्सचेही तसेच, तिथे पूर्वअटींच्या विषयांत ३.० पुरे पडत. ज्यांना व्यवसायशिक्षण हवे होते पण १८९८ पासूनच्या वाणिज्य कॉलेजाची, म्हणजे आजच्या हास स्कूलची, भीती वाटत होती, ते नैसर्गिक संसाधनांच्या कॉलेजातल्या पर्यावरणीय अर्थशास्त्राकडे वळत. यूसीएलएत पदवीला व्यवसायशिक्षणाचा विषयच नाही, म्हणून बिझनेस इकॉनॉमिक्सवर झुंबड. ती चुकवणारे राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा भूगोल लिहीत. संगणकाऐवजी कॉग्निटिव्ह सायन्स, किंवा भाषाशास्त्र आणि संगणक यांचा जोडविषय. मोलेक्युलर बायॉलॉजीऐवजी इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी. या जोड्या कोणी छापल्या नाहीत; त्या कॉलेजाच्या कॅन्टीनमध्ये तोंडी पसरल्या.

पण कमी गर्दी म्हणजे सोपा प्रवेश, हे समीकरण अनेकदा फसले. चित्रपट किंवा संगीत यांसारख्या विषयांना अर्ज मोजके येतात, पण जागा त्याहून मोजक्या असतात, आणि वर कामाचे नमुने किंवा गायन-वादनाची परीक्षा. खरी चाळणी म्हणजे पूर्वअटींचा ताव. तो १९८५ पासून असिस्ट या राज्यव्यापी संगणकीय नोंदीत पाहता येतो. कॉलेज, विद्यापीठ आणि मेजर निवडले की दोन रकान्यांचे पान उघडते. डावीकडे विद्यापीठाचा अभ्यासक्रम, उजवीकडे कॉलेजातला त्याचा जोडीदार. इतिहासाचे पान अर्ध्यात संपते, कारण दोन-तीन अभ्यासक्रम आणि बस्स. कॉम्प्युटर सायन्सचे पान लांबत जाते: कॅल्क्युलसचे भाग एकामागून एक, लिनिअर अल्जिब्रा, भौतिकशास्त्र, प्रोग्रामिंगची पायरी पहिली, दुसरी, तिसरी. मध्येच उजव्या रकान्यात एक कोरडे वाक्य येते, ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’. म्हणजे तो अभ्यासक्रम या कॉलेजात शिकवतच नाहीत. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे वाक्य एखाद-दोनदाच भेटते. शेतीच्या खोऱ्यातल्या लहान गावच्या कॉलेजात तेच वाक्य तो रकाना भरून टाकते, आणि तिथल्या विद्यार्थ्याला मेजर ‘निवडावा’ लागतो तो गावच्या वेळापत्रकात काय शिकवतात यावरून. आडवाट या दोघांनाही आडवाटच दिसते. पण पहिल्याला ती डावपेच म्हणून घेता येते, दुसऱ्याला हमरस्ता नाही म्हणून.

राज्याने हा गुंता सोडवायचे बरेच प्रयत्न केले. १९९१ साली आयगेट्सी हा सामाईक सर्वसाधारण अभ्यासक्रम आला, तो एकदा पुरा केला की यूसी आणि कॅल स्टेट दोघांनाही चाले. २०२५ पासून त्याची जागा कॅल-गेट्सीने घेतली आहे. हमीचा करार, ज्याला टॅग म्हणतात, यूसीच्या सहा कॅम्पसांत आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांताक्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन दिएगो त्यात नाहीत. आणि जिथे टॅग आहे तिथेही गर्दीचे काही मेजर त्यातून वगळलेले असतात. २०१० मध्ये अॅलेक्स पडिया या राज्य सिनेटराने मांडलेल्या कायद्याने ट्रान्सफरसाठीची खास पदवी आली: ६० युनिटे कॉलेजात, पुढची ६० कॅल स्टेटमध्ये, जागेची हमी. पण कॅम्पस हवे तेच मिळेल, याची हमी नाही. पन्नास वर्षांनीही वचनाची भाषा बदलली नव्हती. २०१५ मध्ये यूसीने सुमारे २० लोकप्रिय मेजरांसाठी सामाईक पूर्वअटी जाहीर केल्या. त्याच वर्षी गव्हर्नर जेरी ब्राऊन आणि विद्यापीठाच्या अध्यक्ष जॅनेट नेपोलिटानो यांच्यात असे ठरले की पहिल्या वर्षाला येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा. जेरी हे १९६० च्या कायद्यावर सही करणाऱ्या पॅट ब्राऊन यांचे चिरंजीव.

तरीही चुरस कमी झाली नाही, कारण ती प्रवेशद्वारावरून उठून आतल्या खोल्यांच्या दारांशी गेली होती. यूसीएलए दर वर्षी मेजरनिहाय आकडे जाहीर करते: किती अर्ज, किती प्रवेश, निवडलेल्यांच्या सरासरीचा मधला पट्टा. तिथे ट्रान्सफर अर्जदारांपैकी ढोबळमानाने चारांत एकाला जागा मिळते, पण कॉम्प्युटर सायन्समध्ये दहांत एकालाही नाही. हे आकडे पारदर्शकतेसाठी छापले जातात. त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो तो आखूड रांग शोधायला.

आखूड रांग शोधणाऱ्यांची गर्दी झाली की ती रांगही लांबते, याचे बर्कलीतच चांगले उदाहरण आहे. २०१० नंतरच्या नव्या लाटेत सीएस ६१ए या पहिल्या अभ्यासक्रमाला एका सत्रात हजारावर विद्यार्थी बसू लागले, आणि सभागृह अपुरे पडले. ३.३ च्या अटीने अडकलेल्यांना वाट हवी होती. २०१८ मध्ये डेटा सायन्स हा नवा मेजर सुरू झाला. तो संगणकाचा लहान भाऊ, दार उघडे, नोकरीही बरी. काही वर्षांतच तो विद्यापीठातल्या मोठ्या मेजरांपैकी एक झाला, आणि मग त्याच्या दारावरही तेच कुलूप आले.

आडवाटेने आलेल्याचे पुढे काय होते, याचा एक नेमका हिशेब सांताक्रूझमुळे हाती आला. तिथल्या इकॉनॉमिक्स विभागाने २००८ मध्ये अट घातली: पहिल्या दोन अभ्यासक्रमांत २.८ ची सरासरी हवी. झकॅरी ब्लीमर आणि आशिष मेहता या अर्थशास्त्रज्ञांनी या रेषेच्या अगदी वर आणि अगदी खाली राहिलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. गुणांत फरक नगण्य, म्हणून पुढचा फरक मेजरमुळे पडला असे मानता येते. रेषा जेमतेम ओलांडून इकॉनॉमिक्स मिळालेले विद्यार्थी विशीच्या मध्यावर वर्षाला सुमारे २२,००० डॉलर जास्त कमावत होते. २०२२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. याच दोघांच्या दुसऱ्या कामात आणखी एक गोष्ट दिसली: अशा अटींमुळे मागे राहतात ते मुख्यतः हायस्कूलमध्ये कमी तयारी झालेले विद्यार्थी, म्हणजे ज्यांच्यासाठी १९६० ची दुसरी संधी आखली होती तेच. या आकड्यांचा अर्थ कमी चुरशीचा मेजर वाईट असा नाही. इतिहास शिकायला आलेल्याला इतिहास मिळाला तर त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते दुसऱ्याचे दार समजून इतिहासात शिरलेल्याचे.

आणि त्या शिरलेल्यापाशी वेळ कमी असतो. पहिल्या वर्षाला आलेल्याजवळ विषय बदलायला दोन वर्षे असतात; ट्रान्सफर विद्यार्थ्याजवळ सगळी मिळून चार सत्रे. त्यात नव्या मेजरची पूर्वअट पुरी करायची, ती दोन सत्रे मागे ढकलते, आणि कॉलेजांची एकूण युनिटांवर कमाल मर्यादा असते. त्यातच जॉन हिल्स या संशोधकाने १९६५ मध्ये ‘ट्रान्सफर शॉक’ असे नाव दिलेली घसरण: नव्या संस्थेतल्या पहिल्या सत्रात सरासरी खाली येते, नंतर बहुतेकांची सावरते. ३.३ ची रेषा ओलांडायची तर नेमक्या याच घसरत्या सत्रात ओलांडावी लागे. लेटर्स अँड सायन्समधून इंजिनिअरिंग कॉलेजात उडी मारणे तर बहुतेक ठिकाणी अशक्यच.

टेक्सासात हीच गोष्ट उघड अट म्हणून लिहिलेली आहे. १९९७ च्या कायद्याने हायस्कूलच्या वरच्या दहा टक्क्यांना राज्याच्या विद्यापीठांत जागा मिळाली, तेव्हा ऑस्टिनच्या मुख्य कॅम्पसात इतरांसाठी जागा उरेना. त्यांना राज्यातल्या दुसऱ्या कॅम्पसात एक वर्ष काढून ठरलेले गुण मिळवल्यावर ऑस्टिनला येता येते; पण हमी फक्त लिबरल आर्ट्सची. इंजिनिअरिंग आणि बिझनेसला स्पर्धा वेगळी. बर्कलीत जे पुटपुटत सांगितले जाते, ते ऑस्टिनने पत्रकात छापले.

क्युपर्टिनो, सनीवेल, फ्रीमाँट भागांतल्या मराठी घरांना हा पेच लवकर कळतो. तिथल्या आईबापांतले बरेच जण इंजिनिअर आहेत, आणि पुण्याच्या सीओईपीत मेटलर्जी घ्यायची की दुसरीकडे कॉम्प्युटर, हा वाद त्यांच्या पिढीने घरोघरी ऐकला आहे. महाराष्ट्रात पदविका करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारा विद्यार्थी ट्रान्सफरच्या सर्वांत जवळचा. फरक असा, की इथे जागा केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत गुणवत्ता यादीने वाटतात आणि कॉलेज व शाखा दोन्ही यादीत एकत्रच ठरतात. कॅलिफोर्नियात मात्र कित्येक वर्षे कॉलेज आधी आणि शाखा नंतर ठरत असे, आणि आडवाटेची सगळी गंमत त्या मधल्या अंतरात होती.

ते अंतर आता बुजत चालले आहे. २०२३ च्या फॉल सत्रापासून बर्कलीने कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या मेजरांना थेट प्रवेश सुरू केला. अर्जातच तो विषय न लिहिलेल्याला नंतर आत येण्यासाठी फार थोड्या जागा उरल्या. त्याच वर्षी कॉम्प्युटिंग, डेटा सायन्स आणि समाज या नावाचे नवे कॉलेज स्थापन झाले, आणि लेटर्स अँड सायन्समधून संगणकाचे ते दुसरे घर तिकडे हलले. हास स्कूलनेही २०२४ पासून पहिल्या वर्षापासून थेट प्रवेश देणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणला. राज्यात आज ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. तिथून यूसीला येणाऱ्यांचे अर्ज दर वर्षी नोव्हेंबरअखेरच्या सुमारास बंद होतात. अर्जात प्रत्येक कॅम्पससाठी एक मेजर आणि एक पर्यायी मेजर लिहायची सोय आहे. काही कॅम्पसे पर्यायी मेजर विचारात घेतात, काही घेत नाहीत. आणि पहिल्या रकान्यात लिहिलेला मेजर आता बहुतेकांच्या पदवीवरही तोच असतो.